आधीच पडणारी माणसं

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याला पाडायचं असतं. कर्जतमध्ये ज्युदो शिकवायला लागल्याला तीस वर्षं होऊन गेली, पण अजूनही नवीन माणूस पहिल्याच दिवशी चपला काढता काढता विचारतो, "सर, तो कमरेवरून फेकायचा डाव कधी शिकवणार?" मी त्याला पहिले दोन महिने नुसतं पडायला लावतो. मागे पड, कुशीवर पड, पुढे लोळ, पडताना हात जमिनीवर आपट. निम्मे त्यातच पळून जातात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

म्हणून एका संध्याकाळी एक बाई दारात उभी राहून "मला पडायला शिकायचंय" असं म्हणाली, तेव्हा मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मी चिडूनच वळलो. बघतो तर भिसेगावातली पिठाच्या गिरणीची ताई.

तिला आम्ही सगळेच ओळखत होतो. माझे तांदूळ आणि गहू कित्येक वर्षं तिच्याच गिरणीत दळले जातात. वय असेल छत्तीस-सदतीस. लहानपणी तिला फक्त तिन्हीसांजेनंतर दिसायचं नाही, पुढे दिवसाही कडेचं दिसेनासं झालं, आणि तिशीपर्यंत सगळंच गेलं. नवरा खोपोलीला कारखान्यात पाळीवर, गिरण हिच्या हातात. कुणाचा डबा कुठला हे ती झाकणावरून हात फिरवून सांगायची, आणि पीठ चिमटीत घेऊन "भाकरीला बरं हाय, मोदकाला नाय चालणार" असा निकाल द्यायची. तो निकाल कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

"ताई, पडायला कशाला शिकायचंय?" मी विचारलं.

"गिरणीसमोरच्या गटारावरची लादी कुणीतरी उचलून नेली. मी गेले आत. मनगट मोडलं, आत्ता कुठं जुळलंय. डॉक्टर बोलले, हात पुढं करून पडलात म्हणून मोडलं. मग पडायचं कसं, ते काय त्यांना सांगता येईना. तुमी शिकवता असं ऐकलं."

मी नेहमीची कारणं पुढे केली. इथे लागतं, जागा अडचणीची आहे, कुणाची जबाबदारी, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गिरणीतपण लागतं, सर." एवढं बोलून ती चपला काढायला लागली. माझ्या परवानगीची वाट तिने बघितली नाही, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं.

आमचा वर्ग भरतो ती जागा म्हणजे एका बंद पडलेल्या भात गिरणीचं गोदाम. परदेशी गाद्या आमच्या आवाक्यातल्या नाहीत. दर वर्षी दिवाळीनंतर भात भरडून झालं की आम्ही गोणींनी तूस आणतो, जमिनीवर वीतभर जाड पसरतो, चोपतो आणि वरून ताडपत्री ताणून बांधतो. पडायला झकास. फक्त तूस जागोजागी खाली बसतं आणि खड्डे पडतात. ताई अनवाणी त्या ताडपत्रीवर चढली आणि कडेकडेने पाय घासत एक फेरी मारून आली. मग दुसरी फेरी थोडी आतून, तिसरी आणखी आतून. सगळा वर्ग हातातलं सोडून बघत होता. शेवटी मधोमध येऊन तिने तीन ठिकाणी बोट दाखवलं. "हितं, हितं आणि खिडकीकडं तिथं, तूस बसलंय. कुणाचातरी घोटा मुरगळंल."

खिडकीकडचा खड्डा मला माहीत होता. मी तो दोन वर्षं ओलांडून जात होतो. बाकीचे दोन मला माहीतच नव्हते. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

तिने एकच मागणी केली. ताडपत्रीच्या चारही कडांना, खालून, काथ्याची दोरी घाला. पायाला दोरी लागली की कड आली हे कळेल. मी दोरी घातली. गंमत म्हणजे त्यानंतर डोळस पोरंही बाहेर फरशीवर जाऊन आदळायची बंद झाली. इतकी वर्षं मी घसा फोडून "कड बघा, कड बघा" ओरडत होतो, ते काम काथ्याच्या दोन वेढ्यांनी केलं.

पडायला ती तीन आठवड्यांत शिकली. इतक्या लवकर मी कुणालाच शिकवलेलं नाही. आपण पडताना जमीन अंगावर येताना दिसते, अंग आखडतं, आणि आखडलेलं अंगच मोडतं. तिला जमीन दिसतच नव्हती. मी "पडा" म्हटलं की ती पाठीवर अशी सैल सुटायची, जशी कुणी दमून घरच्या अंथरुणावर टेकतं. मी बघत राहायचो. तीस वर्षं मी जे शब्दांत सांगायचा प्रयत्न करत होतो, ते ही बाई करून दाखवत होती आणि वर मलाच विचारत होती, "बरोबर पडले का, सर?"

पडणं झालं तशी ती थांबेल असं मला वाटलं होतं. मनगटापुरतं काम झालं होतं. ती म्हणाली, "आता बाकीचं पण शिकवा की."

इथून पुढे मी जी चूक केली ती मला आजही सलते, म्हणून ती आधी सांगून टाकतो. डाव शिकवायच्या पहिल्या दिवशी ताई बाहेर नळावर पाय धुवायला गेली असताना मी वर्गाला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणालो, "ताईंना सांभाळून घ्या." तीनच शब्द. मनात वाईट काहीच नव्हतं.

आमच्या वर्गात माझा शब्द कुणी मोडत नाही. एरवी याचा मला अभिमान असतो. ज्युदोत जोडीदार नीट पडला तर शिकणाऱ्याला डाव कळतो, त्यामुळे सरावात थोडं सोपं करून देणं ही आमची रीतच आहे. पण त्यानंतर खुली झुंज असते, आणि तिथे कुणी कुणाला काही फुकट द्यायचं नसतं. ताईच्या बाबतीत ही दुसरी पायरी आलीच नाही. ती पकड घेऊन वळली की समोरचा उडी मारून तिच्या कमरेवरून पलीकडे जाऊन पडायचा. आणि तिला फेकायची वेळ आली की तिची बाही घट्ट धरून, लोणच्याची बरणी फळीवर ठेवावी तसं तिला अलगद खाली ठेवायचे.

मीही तेच केलं. एकदा मीच तिच्यासमोर उभा राहिलो. ती वळली, पण तिची कंबर माझ्या पोटाला लागायच्या आधीच मी हवेत होतो. पडताना हात असा आपटला की गोदाम दणाणलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून "वा, ताई" म्हणालो, आणि माझ्या चांगुलपणावर मी खूश होतो. ताईने नुसता पट्टा नीट बांधला.

असे पाच महिने गेले.

एका सकाळी मी तांदूळ दळायला घेऊन गेलो. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तिने तांदूळ वर ओतले, पट्टा सुरू केला, आणि हात कपड्याला पुसत जात्याजवळ उभी राहिली. मग मान जराशी कलती करून तिने बटण बंद केलं. मी वर डोकावलो. पेटीत दाणा उरला नव्हता.

"दाणा संपला की जात्याचा आवाज बदलतो, सर. तुमाला कळतो?"

"नाही."

"मला कळतो." तिने पीठ चिमटीत घेऊन चोळलं. "माणूस आधीच पडला तरी कळतं."

मला पहिल्यांदा काही समजलं नाही. मग समजलं.

"खरा माणूस पडतो ना, तवा आधी त्याचा श्वास जातो. हुक् असा. मग हात आपटतो," ती शांतपणे सांगत होती. "तुमच्या वर्गात सगळे आधी हात आपटतात. श्वास तर कुणाचा जातच नाय."

"आणि मी?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"तुमी सगळ्यात आधी पडलात, सर."

मी माझ्या डब्याकडे बघत उभा राहिलो. पाच महिने ही बाई दर संध्याकाळी गिरण बंद करून, काठी टेकत येत होती, दहा-बारा माणसांना एकामागून एक खोटं पडताना ऐकत होती, आणि काही न बोलता परत जात होती. टाळ्यासुद्धा तिने ऐकून घेतल्या होत्या. मला तिची लाज वाटली असं म्हणणं खोटं होईल. मला माझी लाज वाटली.

"आधी का नाही बोललात?"

"आधी वाटलं, नव्या माणसाला असंच शिकवत असतील. मग वाटलं, कधीतरी थांबतील." तिने डब्याचं झाकण लावून दाबलं. "माझं मागणं मोठं नाय, सर. एकदा मला कुणालातरी खरं पाडू द्या. आणि एकदा मला कुणीतरी खरं पाडा. दोन्ही झालं की मी शिकले म्हणायचं. नायतर मी तिथं नुसती खेळवून घ्यायला येते, असंच झालं ना?"

त्या संध्याकाळी मी वर्गावर जो भडकलो, तो बहुतेक स्वतःवर भडकलो होतो. आजपासून ताईंसमोर कुणी मुद्दाम पडलं तर महिनाभर ताडपत्री एकट्याने धुवायची, असा दम भरला. सगळ्यांनी माना डोलवल्या. आणि दुसऱ्या मिनिटाला ताई वळली आणि समोरची पोरगी फुलासारखी जाऊन पडली. ती माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता दवाखान्यात नर्स आहे आणि मला खोटं सांगत नाही. ती उठून रडवेली होऊन म्हणाली, "सर, मी नाही पडत, माझं अंगच पडतं. ताई वळताना दिसल्या की पाय सुटतात."

आठवडाभर मी ओरडलो, शिक्षा केल्या, दोघांकडून ताडपत्री धुवून घेतली. काही उपयोग झाला नाही. अंगवळणी पडलेला चांगुलपणा काढणं हे वाईट सवय काढण्यापेक्षा कठीण आहे, हे मला तेव्हा कळलं.

उपाय ताईनेच काढला. एक दिवस ती गिरणीतली फडकी घेऊन आली. दळणाच्या डब्यांवर टाकतात ती, धुऊन मऊ झालेली, तरी पिठाचा वास न गेलेली. चांगला गठ्ठा होता.

"सगळ्यांचे डोळे बांधा," ती म्हणाली. "मी वळते ते दिसतं म्हणून पडतात. दिसलंच नाय तर आधी पडणार कसे?"

त्या दिवशी गोदामात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. डोळे बांधल्याबरोबर माझा तगडा वर्ग जागच्या जागी खिळला. एरवी सगळ्यांत जोरात ओरडणारा एक बँकेतला गडी चक्क खाली बसला आणि उठेना. कुणी हात पुढे करून चाचपडत भिंतीला जाऊन भिडलं. दोघे एकमेकांवर आपटून एकमेकांची माफी मागत बसले. आणि त्या सगळ्या गोंधळातून ताई अशी फिरत होती, जशी स्वतःच्या घरात. "पाय उचलू नका, घासत न्या." "हात पुढं कशाला करता, मनगट मोडंल." "दोरी लागली का? मग मागं फिरा." माझे शब्द माझ्यापेक्षा किती तरी चांगले ती बोलत होती. मी माझ्या डोळ्यांवरचं फडकं वर सरकवून हे सगळं चोरून बघत होतो.

मग मी फडकं खाली ओढलं, घट्ट गाठ मारली आणि म्हणालो, "ताई, या माझ्यासमोर."

तिचे हात माझ्या जॅकेटवर आले. एक बाहीला, एक गळपट्टीला. पिठाचा वास, अंधार, आणि त्या दोन मुठी. मला दुसरं काहीच उरलं नव्हतं. एरवी मी समोरच्याचे खांदे बघतो, पाय बघतो, डोळे बघतो, आणि डाव यायच्या आधी तो मला दिसतो. आता मी फक्त वाट बघत होतो. तिने मला एकदा पुढे ओढलं, मी जोर लावून थोपवलं. खरंच थोपवलं. तिने दुसऱ्यांदा ओढलं, मी पुन्हा थोपवलं. तिसऱ्यांदा तिने ओढलंच नाही. मी थोपवायला म्हणून मागे रेललो, तिथे काही नव्हतं, म्हणून स्वतःला सावरायला पुढे आलो, आणि नेमकी तिथे तिची कंबर होती.

मी पाठीवर पडलो. छातीतला सगळा वारा निघून गेला. त्यानंतर कधीतरी माझा हात ताडपत्रीवर आपटला.

सगळ्यांचे डोळे बांधलेले, त्यामुळे काय झालं ते कुणाला दिसलं नव्हतं. पण ऐकलं सगळ्यांनी. माझ्या डोक्यावरून ताईचा आवाज आला.

"हां," ती म्हणाली. "हा खरा."

मी तसाच पडून राहिलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षांचा मास्तर, आणि मी घाबरलो होतो. त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की तो दाखवायची सोय नव्हती, कारण श्वासच येत नव्हता.

पुढचे दोन महिने आम्ही रोज अर्धा तास फडकी बांधून खेळलो. सगळ्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या. हळूहळू फडकी काढल्यावरही अंगं खरी वागायला लागली. ताई कधी पाडायची, कधी तिचा डाव फसायचा, फसला की ती खूश व्हायची. पण तिच्या दोन मागण्यांतली एकच पुरी झाली होती. तिला मात्र अजूनही कुणी खरं पाडत नव्हतं. फेकणाऱ्याने शेवटच्या क्षणी बाही वर ओढून धरायची, म्हणजे जोडीदाराला लागत नाही, ही आमची शिस्त आहे, आणि ताईच्या बाबतीत ती जरा जास्तच पाळली जायची. घरच्या माणसांत हे होणारच.

"हितं नाय व्हायचं ते," ताई म्हणाली. "परक्यात जावं लागंल."

म्हणून मी खोपोलीला होणाऱ्या स्पर्धेच्या आयोजकाला फोन लावला. माझा जुना मित्र आहे, म्हणजे आम्ही भांडतो. मी त्याला सांगितलं, आमची एक स्पर्धक अंध आहे, तिला महिलांच्या खुल्या गटात उतरवायचंय, एक नियम बदलावा लागेल.

"अरे, छान," तो म्हणाला. "आपण तिचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक ठेवू. लोकांना स्फूर्ती मिळेल."

"ती स्फूर्ती द्यायला येत नाहीये, झुंजायला येतेय."

"आणि काही झालं तर? पेपरात नाव कोणाचं येईल?"

"तुझंच. फोटो मी स्वतः नेऊन देईन."

नियम काही मी घरी बसून काढलेला नव्हता. अंधांच्या ज्युदोत सगळीकडे तसंच खेळतात. दोघांनी लांबून येऊन पकडीसाठी झटापट करायची नाही. आधी एकमेकांची पकड घ्यायची, मग पंच "सुरू" म्हणतो. मध्ये पकड पूर्ण सुटली तर पंच थांबवतो, दोघांना पुन्हा मधोमध आणतो, पुन्हा पकड. बाकी सगळं तेच. मित्राने विचारलं, "मग डोळस पोरीवर अन्याय नाही का होणार?" प्रश्न रास्त होता. फोन स्पीकरवर होता. ताई शेजारून म्हणाली, "तिला डोळे, मला पकड. झालं की बरोबर." मग तो म्हणाला, "समोरची तयार झाली तर माझी हरकत नाही."

समोरची तयार झाली. खालापूरकडची एक पोरगी, पोलीस भरतीची तयारी करणारी, बावीस-तेवीस वर्षांची, खांदे असे की मी असतो तर नाही म्हणालो असतो.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. तिकडे स्पर्धा तिथेच होतात. मधोमध गाद्या, भोवती झालर लावलेल्या खुर्च्या, आणि मंचावर आदल्या लग्नाच्या दोन मखमली खुर्च्या तशाच. त्यांतल्या एकीवर शाल आणि नारळ ठेवलेला मी बघितला. मित्राने माझी नजर चुकवली. मी म्हटलं, ठेव बापडा.

झुंजीआधी ती पोरगी आमच्याजवळ आली. चेहरा उतरलेला. "ताई, जोर लावू ना?"

"नाय लावायचा तर आलीस कशाला गं?" ताई म्हणाली. पोरीला हसू आलं, आणि मला बरं वाटलं.

दोघींनी पकड घेतली. पंच म्हणाला, "सुरू."

पोरगी जोरदार होती. अर्ध्या मिनिटात तिने ताईला पायात पाय घालून कुशीवर पाडलं. अर्धा गुण. झालं, इथेच सगळं बिघडलं. बायकांच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अगं हळू, तिला दिसत नाही." मग आणखी कुणी. मागून एकाने शिट्टी मारली, "लाज वाटू दे" असंही ऐकू आलं. मला उठून एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती, पण प्रशिक्षकाने खुर्ची सोडायची नसते. त्या पोरीचे कान लाल झालेले मला दिसले. तिचे खांदे उतरले. मी मनात म्हटलं, गेली, आता ही पण आधीच पडणार.

दोघी पुन्हा भिडल्या. ताईने ओढलं, पुन्हा ओढलं, आणि मग ओढलं नाही. पोरगी पुढे आली. ताई वळली, तिची कंबर बरोबर तिथे होती जिथे माझ्या वेळी होती. मी खुर्चीतून अर्धा उठलो. फक्त फेकायचं बाकी होतं. पूर्ण गुण, विजय, सगळं तिच्या हातात होतं.

आणि ताईने दोन्ही हात सोडले.

ती मागे सरली, दोघींची पकड सुटली. पंचाने थांबवलं, दोघींना मधोमध आणलं, पुन्हा पकड, पुन्हा सुरू. दोन क्षण गेले आणि ताईने पुन्हा हात सोडले. तिसऱ्यांदाही तसंच. पंच वैतागला, त्याने तिला ताकीद दिली. लोकांना वाटलं ती थकली किंवा घाबरली. शेजारचा प्रशिक्षक मला म्हणाला, "घ्या तिला बाहेर, बिचारी." त्या सगळ्या कार्यालयात फक्त मला कळत होतं ती काय करतेय. कापडातून तिला कळलं होतं की समोरच्या मुठी ढिल्या पडल्यात. दया आलीय. नियमाने तिला पकड दिली होती, आणि त्याच नियमाने ती प्रत्येक वेळी झुंज थांबवत होती, कारण तिला फुकटचा विजय नको होता. इतकं मोठं माणूस मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं, आणि मी तिला बरणीसारखं सांभाळून घ्या म्हणालो होतो.

चौथ्यांदा पकड घेताना ताई बोलली. हळूच, पण मी ऐकलं.

"त्यांचं ऐकू नको गं. मला धर."

पोरीने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मुठी आवळल्या. जॅकेटचं कापड करकरलेलं मला खुर्चीत ऐकू आलं.

त्यानंतरची झुंज जेमतेम पंधरा सेकंदांची असेल. ताईने तिला कमरेवर घेतलं, खरोखर घेतलं, पोरीचा एक पाय गादीवरून सुटला. पण तिने अंग जड केलं, उलटी वळली, ताईला खालून उचललं, आणि हात आखडता न घेता फेकलं. शेवटच्या क्षणी बाही वर ओढली नाही. ताई हवेत पूर्ण फिरली आणि पाठीवर आली.

काय आवाज झाला. पंचाने हात वर केला, पूर्ण गुण, झुंज संपली. पोरगी दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी राहिली. माझा मित्र कुठून तरी पाण्याची बाटली आणि काय सुचलं म्हणून शालही घेऊन धावत आला.

मी ताईच्या शेजारी गुडघे टेकले. तिचे डोळे उघडे होते, छाती हलत नव्हती. श्वास अडकल्याचा तो क्षण मला ठाऊक होता, म्हणून मी तिला हात लावला नाही, नुसता थांबलो. मग एक मोठा श्वास आत आला. तिने मान माझ्याकडे वळवली.

"ऐकलंत, सर?"

"ऐकलं."

"आधी काय गेलं?"

"श्वास," मी म्हणालो. "मग हात आपटला."

तिने हात वर केला. तो मी धरणार होतो, पण पोरीने आधी धरला आणि तिला ओढून उभं केलं. ताईने पट्टा चाचपून नीट केला.

"मग शिकले म्हणायचं," ती म्हणाली.